‘पर्सुएझिव्ह’ला मराठीत काय म्हणाल? बॅलटच्या कमेंट्स निकाली काढतानाचे शब्द

नवी पेठ:
मंडळी, एक शब्द अडलाय, खरं तर चार-पाच अडलेत. मी इथं सोलापुरात घरी बसून हॉस्पिटलच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरचं काम करतो. एका हॉस्पिटलातली पेशंटची माहिती दुसऱ्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरला नीट कळावी म्हणून एचएल सेव्हन नावाची संस्था १९८७ पासून नियम बनवते, त्यातला सध्या चलतीचा नियम म्हणजे ‘फायर’ (आग नव्हे, आद्याक्षरं जोडून तसा उच्चार होतो) आणि आपलं आयुष्मान भारत डिजिटल मिशन त्याचीच चौथी आवृत्ती वापरतं. नवा मसुदा आला की बॅलटला जातो, लोक हो, नाही किंवा तटस्थ असं मत देतात, सोबत कमेंट टाकतात, ‘नाही’वाल्याला तर कारण लिहावंच लागतं. मग समिती एकेक कमेंट घेऊन बसते आणि तिच्यावर शेरा मारते: पर्सुएझिव्ह, नॉट पर्सुएझिव्ह वगैरे. या सगळ्या उपद्व्यापाला म्हणतात बॅलट रिकन्सिलिएशन. इथल्या डॉक्टर लोकांसाठी दोन पानी मराठी टिपण करायचंय. डिक्शनरीत बघितलं तर रिकन्सिलिएशन म्हणजे समेट. समेट काय, भावकीचं भांडण आहे का हे?

सहकारातला जुना माणूस:
समेट नकोच. अकरावी कॉमर्सला ‘बँक जुळवणी पत्रक’ होतं, पासबुक आणि कॅशबुक जुळवायचं, तेही रिकन्सिलिएशनच, पण तिथं आकडे जुळतात, माणसं नाही. तुमच्या कामाला आपल्याकडे तयार शब्द आहेत की! शहराचा प्रारूप विकास आराखडा आला की पेपरात काय छापून येतं? ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत.’ मग त्यावर सुनावणी, मग निर्णय. ‘हरकती व सूचनांचा निपटारा’ लिहा, शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना कळेल.

नवी पेठ:
काका, हे भारी आहे, आणि गंमत बघा, त्यांच्याकडे पण दोन्ही वेगळं आहे, निगेटिव्ह मतासोबत येते ती हरकत आणि ‘हो’ म्हणून वर सुचवलं तर सूचना. म्हणजे अफर्मेटिव्ह मत चक्क ‘हरकत नाही’!

पॅथॉलॉजीवाली:
निगेटिव्हचं मराठी कराच, प्लीज. आमच्या लॅबमध्ये ‘निगेटिव्ह आलं’ म्हटलं की पेशंट देवाला नारळ फोडतो. डॉक्टरांच्या टिपणात ‘वीस निगेटिव्ह आले’ लिहिलंत तर ते खूशच होतील.

कडक भाकरी:
😂 आणि ब्लॉक व्होटला काय म्हणणार, एकगठ्ठा मतदान?

नवी पेठ:
तेच लिहिलं होतं बे, खोडलं. एकगठ्ठा म्हटलं की आपल्याला अमक्या पेठेची मतं तमक्याला हेच आठवतं. इथं ब्लॉक व्होट म्हणजे ज्यावर वाद नाही अशा पन्नास कमेंट्स एकत्र बांधून एका दमात मंजूर करायच्या, कुणाला एखादीवर बोलायचं असेल तर तेवढी बाजूला काढायला सांगायची.

सहकारातला जुना माणूस:
सोपं आहे, ‘एकत्रित ठराव’. ठराव कोण मांडतो, दुजोरा कोण देतो याची नोंद असते का?

नवी पेठ:
असते की, आणि बाजूने, विरोधात, तटस्थ असे तीन आकडे.

सहकारातला जुना माणूस:
मग सूचक आणि अनुमोदक. आमच्या सूतगिरणीच्या वार्षिक सभेची प्रोसिडिंग बुकं त्याच शब्दांनी भरलेली असायची. एक विचारतो, तटस्थ मत कुठं धरतात? आमच्यात यावरून लई भांडणं व्हायची.

नवी पेठ:
कोरमला धरतात, टक्केवारीत नाही. पक्क्या दर्जाच्या नियमाला हो आणि नाही यांच्या बेरजेत ७५ टक्के हो लागतात. म्हणून तर हरकतवाल्याशी बोलून, त्याचं समाधान करून, त्याला हरकत मागे घ्यायला लावायची धडपड असते.

आता मेन अडचण, पर्सुएझिव्ह. मी आधी ‘मान्य’ आणि ‘फेटाळली’ लिहिलेलं. पण फेटाळली म्हटलं की समिती वर बसलेली आणि हरकतवाला खाली हात जोडून उभा असं वाटतं. मूळ शब्दात तसं नाहीये, तो म्हणतो तुझ्या म्हणण्यानं आमचं मत बदललं नाही, बस.

पॅथॉलॉजीवाली:
मग ‘पटलं’ आणि ‘पटलं नाही’. यापेक्षा वेगळं काय पाहिजे? आपल्या मराठीत पटणं आपण करत नाही, ते आपल्याला होतं, भूक लागते तसं.

कडक भाकरी:
फक्त ‘पटवणारी कमेंट’ लिहू नका, पार्क चौकात उभं राहून कमेंट पोरगी पटवतेय असं वाटेल.

नवी पेठ:
😄 ‘पटलं’ एकदम बसलं. सुधारणेसह पटलं, हेही चालतं. पण ‘नॉट पर्सुएझिव्ह विथ मॉडिफिकेशन’चं काय करू? म्हणजे तुझी हरकत पटली नाही, तरी मजकुरात थोडा बदल केलाय.

कडक भाकरी:
आमच्या दुकानात रोज होतं ते. गिऱ्हाईक म्हणतं चादर आखूड आहे, आम्ही मोजून दाखवतो की बरोबर आहे, पण पुढच्या मालावर माप ठळक छापून घेतो. पटलं नाही, पण खुलासा वाढवला.

पॅथॉलॉजीवाली:
आणि ज्यांचा प्रश्नच असतो, हरकत नसते, त्यांना?

नवी पेठ:
त्याला वेगळा शेरा आहे, ‘विचार केला, प्रश्नाचं उत्तर दिलं’. तिथं मात्र ‘शंकानिरसन’ फिट्ट. टिपणात उदाहरण घेतलंय ते असं, कुणी विचारलं की आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांची जन्मतारीखच नसते, मास्तरांनी शाळेत घालताना सरसकट १ जून लिहिलेली, मग कॉम्प्युटरला खोटी तारीख द्यायची का? उत्तर, फायरमध्ये नुसतं साल दिलं तरी चालतं, १९७२ एवढंच. मसुदा बदलायची गरज नाही, शंका गेली.

पॅथॉलॉजीवाली:
आमच्याकडे निम्म्या आज्ज्या १ जूनच्याच आहेत. मी लॅबच्या सॉफ्टवेअरवाल्याला दाखवते हे.

सहकारातला जुना माणूस:
बहात्तरच्या दुष्काळात जन्मलेल्यांना साल तरी नक्की सांगता येतं. असो. टिपण कुणाला वाचून दाखवलंत का?

नवी पेठ:
काल रात्री एका डॉक्टर मित्राला शेंगाचटणी-भाकरी खाता खाता फोनवर वाचून दाखवलं. ‘हरकत क्रमांक ११, पटलं नाही.’ तो लगेच म्हणाला, कुणाला? तेव्हा कळलं की पटण्याला माणूस लागतो, फेटाळलीमध्ये तो लपून जातो. आता प्रत्येक रकान्यात ‘समितीला पटलं नाही’ असं पूर्ण लिहितोय, टेबल जरा रुंद करावं लागलं तेवढंच.