बंद जागेतल्या थरारपटात सगळ्यांना एकेक खुर्ची हवीच का?

निशाचर
एका खोलीत, बोटीत, लिफ्टमध्ये सात-आठ माणसं अडकतात आणि एकेक जण कमी होत जातो, हा माझा सगळ्यात लाडका चित्रपटप्रकार. पण हल्ली सुरुवातीलाच विरस होतो. एक कृष्णवर्णीय, एक आशियाई, एक समलिंगी, एक व्हीलचेअरवरचा. ही माणसं वाटतच नाहीत, यादी वाटते. आणि यादी कळली की कोण आधी जाणार तेही कळतं. १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये चालत्या प्रेतांमुळे शेतघरात अडकलेल्यांना सांभाळणारा बेन कृष्णवर्णीय आहे, पण भूमिका तशी लिहिलेली नव्हती. ड्वेन जोन्सची चाचणी सर्वांत चांगली झाली म्हणून दिग्दर्शक रोमेरोने त्याला घेतलं. सिनेमाभर त्याच्या रंगाबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. असं हवं.

तिसरी घंटा
साफ असहमत. (पुढे रहस्यभेद आहे.) बेन रात्रभर झुंजून जिवंत राहतो आणि सकाळी बंदुका घेतलेली गोऱ्यांची टोळी त्याला चालतं प्रेत समजून गोळी घालते. शेवटी नुसती स्थिरचित्रं येतात, हातात मांसाचे आकडे घेतलेली माणसं आणि बेनचा देह. जोन्सच्या जागी गोरा नट ठेवून बघा. तोच शेवट निव्वळ दुर्दैव वाटेल. रंगाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून रंग नव्हताच असं कसं म्हणता?

निशाचर
म्हणजे माझंच म्हणणं झालं ना! नट गुणावर घेतला, अर्थ मागून आला. आधी यादी करून तो आला नसता.

आडवाट
तुम्ही दोघंही डोकी मोजताय. बंद जागेत बघायचं ते पाणी कोण वाटतं, दार कोण उघडतं आणि कोणाला विचारलं जातं. हिचकॉकच्या ‘लाइफबोट’मध्ये (१९४४) बुडालेल्या जहाजातले लोक एका जर्मनाला बोटीत घेतात. त्याचं काय करायचं यावर मतं घेतात, तेव्हा ‘जो’ नावाचा कृष्णवर्णीय माणूस विचारतो की मलाही मत आहे का. हो म्हटल्यावर तो म्हणतो, मी यात पडत नाही. पुढे जर्मनाच्या खिशातलं होकायंत्र काढायची वेळ येते तेव्हा मात्र सगळ्यांना हाच ‘जो’ आठवतो, कारण तो पूर्वीचा पाकीटमार! मूळ कथा लेखक जॉन स्टाइनबेकची. आपल्या कथेतल्या स्वाभिमानी माणसाचं पडद्यावर हे झालेलं पाहून त्याने चित्रपटावरून स्वतःचं नाव काढायला सांगितलं होतं. यादी भरली होती की हो, ‘जो’ बोटीत होताच.

उलट ‘एलियन’ (१९७९) घ्या. सात जणांचं अंतराळजहाज. कोणतीही भूमिका स्त्री किंवा पुरुष कोणीही करावी, अशी पटकथेतच नोंद होती. लांबच्या प्रवासातल्या झोपेतून जागे होऊन जेवायला बसल्याबसल्या यंत्रं सांभाळणारा पार्कर बोनसचा विषय काढतो, मला आणि ब्रेटला इतरांपेक्षा कमी का? राक्षस यायच्या आधीच जहाजावर वरचे आणि खालचे कोण ते कळतं. मला प्रतिनिधित्व म्हणजे हे वाटतं.

तिसरी घंटा
हे पटलं. तरी एक, बोटीत घेतलंच नाही तर विचारणार कोणाला? आधी जागा, मग वाटा.

काठावरचा
मी सहसा लिहीत नाही. माझा धाकटा भाऊ स्वमग्न आहे. ‘क्यूब’ (१९९७) आम्ही घरी पाहिला. त्यात सापळ्यांच्या खोल्यांमध्ये अडकलेल्यांत काझान नावाचा स्वमग्न तरुण आहे. बराच वेळ तो इतरांना ओझं वाटतो. मग तो मोठमोठ्या संख्यांना मूळ अवयव किती ते झटक्यात सांगू लागतो आणि एकदम सगळ्यांना हवाहवासा होतो. बाहेर पडणारा तोच एकटा. लोक म्हणतात, बघा, किती छान प्रतिनिधित्व. माझ्या भावाला आकडे येत नाहीत. तो पंख्याकडे बघत बसतो आणि फार गोंगाट झाला की माझी बाही घट्ट धरतो. त्या खोलीत तो असता तर त्याला कोणी बरोबर नेलं असतं का, हे मला असल्या एखाद्या सिनेमात एकदा बघायचंय.