शाळेत संगणक आला, पुढं काय झालं? मराठवाड्यातले अनुभव

ज्यांनी हे वर्गात राहून पाहिलं, त्यांनी लिहावं. पेरू देशानं सरकारी शाळांतल्या लेकरांना ८ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले. २०१२ साली आंतर-अमेरिकी विकास बँकेची ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी आली, तर गणितात आणि भाषेत फरक दिसला नाही. वाचून आपल्याच शाळा आठवल्या. सुरुवात मी करते.

मी हिंगोली जिल्ह्यात जि.प. शाळेवर आहे. २०१६ साली गावानं लोकवर्गणीतून डिजिटल वर्ग केला. कुणी पाचशे दिले, कुणी सोयाबीन विकून दोन हजार. संगणकाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पहिल्याच आठवड्यात दुसरीतल्या मुलीनं 'क'वर ठेवलेलं बोट उचललंच नाही. पडदाभर ककककक. मोडला म्हणून ती रडायलाच लागली. मी तिचंच बोट धरून एकेक 'क' खोडायला लावला. शेवटचा 'क' गेला तेव्हा हसली, आणि परत मुद्दाम ओळभर काढले!

दुसऱ्या वर्षी वीजबिल थकलं. सादिलचे, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाचे पैसे खडू-रजिस्टरातच संपतात. लाईट तोडली. पालकांनी पुन्हा पैसे जमवून बिल भरलं, पण तोवर इन्व्हर्टरची बॅटरी बसली होती. संगणक आणायला वर्गणी मिळते हो, बिलाला कोण देणार? माझं ठाम मत आहे, मंजुरीच्या कागदावर बिलाची तरतूद आधी लिहावी.

लातूर, माजी विद्यार्थी
आमच्या हायस्कुलात १० संगणक आणि एक कंत्राटी सर आले. सर होते तोवर रोज तास. करार संपला, सर गेले, खोलीला कुलूप. किल्ली हेडसरांकडं. आम्ही खिडकीतून बघायचो, की-बोर्डावर प्लास्टिक तसंच.

बीड, चौथीचा वर्गशिक्षक
ताई, तुमच्याकडं लाईट नव्हती, आमच्याकडं लेकरंच गावात नव्हती. २०२० च्या दिवाळीनंतर निम्मा वर्ग आईबापासोबत ऊसतोडीला गेला. चौथीपर्यंतच्या शाळा बंदच होत्या. मी सकाळी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ टाकायचो, फोन मात्र बापासोबत फडात. रात्री कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, येईस्तोवर चार्जिंग संपलेलं, आणि एका व्हिडिओत दिवसाचा नेट खलास. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करायचा तर पुस्तक गावाकडं राहिलेलं.

एका बापानंच सांगितलं, "गुरुजी, नुसता आवाज पाठवा." तेव्हापासून पाढे, कविता, तोंडी हिशोब, दोन-दोन मिनिटांचे आवाज पाठवले. हिशोबही त्यांच्या रोजच्यातलेच घेतले, मोळ्यांचे आणि उचलीचे. उत्तरं रात्री उशिरा यायची, मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज. एक पोरगं सतराचा पाढा म्हणताना अडकलं, तर पुढचं त्याच्या आईनं म्हटलं. ती शाळेत गेलेलीच नव्हती. रोज ऐकून ऐकून तिचा पाठ झाला होता.