दोन शब्दांत पुस्तक निकालात काढता येते का?

सांजवात : यंदा वाचलेल्या पुस्तकांविषयी थोडक्यात. 'कोसला' : साठ पानांत कंटाळून सोडली, नायक काहीच करत नाही. 'मृत्युंजय' : अलंकारांचे ओझे. 'श्यामची आई' : रडारड. 'बनगरवाडी' : एका बैठकीत संपली, छान.

वेताळटेकडी : अशा शेऱ्यांकडे मी सहसा दुर्लक्ष करतो, परंतु अर्ध्यावर टाकलेल्या कादंबरीवर निकाल देण्याचा हा उत्साह पाहून राहवले नाही. खानदेशातून पुण्यात शिकायला आलेल्या पांडुरंग सांगवीकराचे रिकामपण हाच 1963 सालच्या त्या कादंबरीचा विषय आहे. धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते, तेथे तोवर थट्टेखोर वाटणारा निवेदक कसा मोडून पडतो, हे आपण वाचलेच नाही. मी तो भाग वसतिगृहाच्या जिन्यात बसून वाचला. त्याच वर्षी माझी चुलत बहीण गेली होती, आणि खानावळीतल्या मावशींनी झाकून ठेवलेले ताट मी न उघडताच परत केले.

सांजवात : आपल्या दुःखाविषयी आदर आहे, पण त्याने माझा कंटाळा खोटा ठरत नाही. पुस्तक विकत घेतले होते, त्यामुळे कंटाळण्याचा हक्क मला आहे, असे मी समजतो.

मधली आळी : 'कोसला'चे आपण दोघे पाहून घ्या. 'रडारड' हा शेरा मात्र पुस्तकाचा नसून शाळेचा आहे. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक आमच्या बाईंनी 'यातून कोणता बोध मिळतो?' एवढ्या एका प्रश्नात संपवले. चाळिशीत ते पुन्हा वाचले, तेव्हा दिसले ते वेगळेच. आंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम आईला धोंड्यावर ओचे पसरायला सांगतो, आणि ती माउली आधी मुकाट्याने ते पसरते. मनाला घाण लागू न देण्याचे ती नंतर बोलते. आमच्या वर्गात ओचे कोणी पाहिलेच नाहीत, बोध तेवढा फळ्यावर लिहिला गेला.

खडू आणि फळा : शिक्षकांना झोडपणे सोपे असते. मी तीस वर्षे मराठी शिकवले आहे. वर्गात साठ मुले, तास पस्तीस मिनिटांचा, आणि उत्तरपत्रिका तपासणारा मुद्दे मोजूनच गुण देणार. तेथे ओल्या ओच्यांवर रेंगाळायला आपण येऊन दाखवावे.

मधली आळी : रेंगाळायला दोन मिनिटे लागतात, गुरुजी. बोध लिहून घ्यायला आमच्या बाईंना अख्खा तास लागला होता.

खडू आणि फळा : आपल्या बाईंचे प्रायश्चित्त मी घेणार नाही. तो प्रसंग मीही वर्गात घाईने उरकत असे, हे मान्य करतो. आपले समाधान झाले असेल, तर पुढे जाऊ या.

वेताळटेकडी : चर्चा 'कोसला'ची होती, याची नम्र आठवण.

सांजवात : 'कोसला' मनीच्या प्रसंगापर्यंत वाचीन, त्यापुढचे वचन मागू नये. 'श्यामची आई'तला तो बोध मला तोंडपाठ आहे, परंतु ओचे पसरल्याचे अजिबात आठवत नाही, म्हणून 'रडारड' तूर्त मागे घेतो. 'मृत्युंजय'वरचे मत मात्र कायम आहे, कारण कर्णाच्या बाजूने येथे अद्याप कोणी एक शब्दही बोललेले नाही.