श्टुटगार्टला नोकरी लागली आहे, बँक कुठली धरावी?

कर्वेरोड_ते_नेकार

पुढच्या महिन्यात ब्लू कार्डावर (युरोपातला नोकरीचा परवाना) श्टुटगार्टला रुजू होतोय. बायको आणि मुलगा मागाहून येतील. सुरुवातीला कंपनीचं सर्व्हिस अपार्टमेंट आहे आणि तिथल्या पत्त्यावर अनमेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी) होईल असं एचआर म्हणते. पगार महिनाअखेरीस, त्याआधी आयबीएएन (आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक) द्यायचा आहे. जर्मन ए-२ पर्यंतच.

शपारकासेसारखी शाखा असलेली बँक घ्यावी की एन२६, आयएनजी, डीकेबी यांपैकी ऑनलाइन? की वाइज या पैसे पाठवायच्या अ‍ॅपवरच भागेल? शूफामध्ये (पत नोंदवणारी जर्मन कंपनी) नाव नसताना खातं नाकारतात का? आणि पुण्यातल्या बचत खात्याचं काय करायचं? नेटवर शोधलं तर 'टॉप टेन'च्या याद्या निघतात, त्यातल्या निम्म्या जाहिराती. म्हणून इथे विचारतोय.

ताळेबंद

आधी लगीन अनमेल्डुंगचं. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ब्युर्गरब्युरोत (नागरिक सेवा कार्यालयात) पत्ता नोंदवायचा असतो. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा वेगळा फॉर्म लागतो, नुसता भाडेकरार चालत नाही. कंपनीच्या अपार्टमेंटचा हा फॉर्म कोण देणार हे एचआरला आजच विचारून ठेवा, कारण गाडी नेमकी तिथेच अडते. नोंदणी झाल्यावर जो कागद मिळतो तो बहुतेक बँका पासपोर्ट आणि व्हिसासोबत मागतात. ब्युर्गरब्युरोची अपॉइंटमेंट मात्र निघण्यापूर्वीच ऑनलाइन घ्या.

अनमेल्डुंगनंतर दोन ते चार आठवड्यांत ११ आकडी श्टॉयर-आयडी (करदात्याचा क्रमांक) टपालाने येतो. खातं उघडताना तो हाताशी नसला तर बहुतेक बँका नंतर घेतात. पण पगारपत्रक करणाऱ्याला तो वेळेवर मिळाला नाही, तर सहाव्या करवर्गाने म्हणजे सगळ्यात जास्त दराने कर कापला जाऊ शकतो. पुढच्या महिन्यांत हिशेब जुळवून देतात, तरी पहिला पगार बघून दचकायला होतं.

आता टपालपेटी. हसू नका, खातं रखडण्याचं सर्वात मोठं कारण हेच आहे. कार्ड एका पाकिटात येतं, पिन दुसऱ्या पाकिटात, दोन-चार दिवसांच्या अंतराने, आणि बऱ्याच बँकांत अ‍ॅप चालू करायचं पत्र तिसरं. जर्मन पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, कारण पत्त्यात तो बहुधा नसतोच. तो पेटीवरचं आडनाव बघतो. पेटीवर 'कुलकर्णी' नसेल तर पाकीट परत जातं, आणि पत्र परत आलं की काही बँका पत्ता पुन्हा सिद्ध करेपर्यंत खातंच गोठवतात. सर्व्हिस अपार्टमेंटच्या पेटीवर बहुधा इमारतीचं किंवा कंपनीचं नाव असतं. पोहोचल्या दिवशी आडनाव छापून पेटीवर आणि बेलवर चिकटवा. मालक आडवा आला तर पत्त्यात 'द्वारा अमुक कंपनी' असं लिहून घ्या.

बँक निवडताना मी चार गोष्टी बघायला सांगेन आणि त्यांत पहिली गिरोकार्ट. हे जर्मनीचं स्वतःचं डेबिट कार्ड आहे. बेकरी, केशकर्तनालय, छोटी रेस्टॉरंटं, काही सरकारी काउंटर इथे अजूनही 'गिरोकार्ट किंवा रोख' असाच मामला असतो आणि व्हिसा-मास्टरकार्डाचं डेबिट तिथे चालत नाही. शपारकासे, फोल्क्सबांक, कॉमर्त्सबांक यांच्या चालू खात्यासोबत गिरोकार्ट सहसा येतंच. ऑनलाइन बँकांत ते वेगळं मागावं लागतं, दरमहा पैसे पडतात किंवा मिळतच नाही. उलट, २०२३ च्या जुलैपासून नवीन कार्डांवर माएस्ट्रो, म्हणजे परदेशात चालायची सोय, देणं बंद झालं, त्यामुळे नुसतं गिरोकार्ट जर्मनीबाहेर फारसं कामाचं नाही. भारतात येताना व्हिसा किंवा मास्टरकार्ड लागणारच.

मग रोख रक्कम. शपारकासेचं कार्ड देशभरात कुठल्याही शपारकासेच्या एटीएमवर फुकट चालतं आणि खेड्यापाड्यात एटीएम बहुधा त्यांचंच असतं. परक्या बँकेच्या एटीएमवर एका वेळेला ४-५ युरो सहज जातात. डीकेबी आणि आयएनजीच्या व्हिसा डेबिटवर ५० युरोंपासून पुढे जर्मनीत फुकट काढता येतात. सुपरमार्केटच्या गल्ल्यावरही २०० युरोंपर्यंत रोख मिळते, पण काहीतरी खरेदी करावी लागते.

तिसरं, मासिक फी. 'मोफत' या शब्दापुढे बारीक अक्षरात अट असतेच: दरमहा अमुक इतकी रक्कम जमा झाली पाहिजे, किंवा वय २८ च्या आत पाहिजे. पगार येणार असेल तर अट आपोआप पुरी होते. ती रक्कम एकाच हप्त्यात हवी की बेरीज चालते, आणि नोकरी सुटली तर फी कितीवर जाते, एवढं दरपत्रकात बघा. चौथं, इंग्रजी. एन२६चं सगळं इंग्रजीत आहे. शपारकासेत समोरचा माणूस बोलेल इंग्रजीत, पण करार आणि पत्रं जर्मनमध्येच येतात.

माझं मत: शाखेत जाऊन गिरोकार्टवालं एक खातं, महिन्याला थोडी फी पडली तरी चालेल. पगार, भाडं, वीजबिल त्यावर. भटकंती आणि ऑनलाइन खरेदीला दुसरं फुकट ऑनलाइन खातं.

मुळामुठा_म्युनिक

वरचं बहुतेक पटलं, फक्त क्रम उलटा हवा. पगाराची तारीख डोक्यावर असताना शपारकासेच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका. शिवाय त्यांचं कार्यक्षेत्र ठरलेलं असतं. ज्या गावात राहता तिथलीच शपारकासे तुम्हाला घेते. सर्व्हिस अपार्टमेंट श्टुटगार्टमध्ये आणि पक्कं घर एस्लिंगेनला मिळालं, तर खातं चालू राहतं पण शाखा लांब पडते. म्हणून आधी ऑनलाइन खातं, एचआरला तो आयबीएएन, आणि पक्कं घर मिळाल्यावर तिथल्या शाखेत दुसरं.

ऑनलाइनमध्ये ओळख पटवण्याच्या पायरीवर आपले लोक अडकतात. व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट हलवून त्यातली सुरक्षाचिन्हं दाखवायची असतात. भारतीय पासपोर्ट त्यात चालेल की नाही हे बँकेगणिक बदलतं. अर्ज भरण्याआधी त्यांच्या यादीत देश बघा. नसेल तर 'पोस्टइडेंट' निवडा. कूपन छापून पोस्टाच्या खिडकीवर जायचं, तिथला माणूस पासपोर्ट बघून नोंद करतो. सोबत व्हिसा आणि नोंदणीचा कागद ठेवाच, कारण आपल्या पासपोर्टावर जर्मन पत्ता नसतो.

नावाचंही बघा. पासपोर्टात गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि वडिलांचं, दोन्ही नावं असतील तर अर्जातही दोन्ही, त्याच क्रमाने. अनमेल्डुंगवर एक, बँकेत दुसरं, पगारपत्रकात तिसरं असं झालं की निस्तरत बसावं लागतं. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो देशांतल्या बँकांना पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव आयबीएएनशी ताडून बघावं लागतं. 'अमोल कुलकर्णी' लिहिलं आणि खातं 'अमोल दत्तात्रय कुलकर्णी' असलं तर पाठवणाऱ्याला 'नाव जवळपास जुळतं' अशी सूचना दिसते. पैसे जातात, पण नवखा माणूस बिचकतो. आडनावाचा रकानाच रिकामा असेल तर ऑनलाइन अर्ज पुढे सरकत नाही, थेट शाखा गाठा.

वाइजबद्दल: ती बँक नव्हे. पैसे वेगळे काढून ठेवतात, पण बँकेतल्या ठेवीला माणशी १,००,००० युरोंपर्यंत जे कायदेशीर संरक्षण असतं ते तिथल्या शिलकीला नाही. आयबीएएन बेल्जियमचा, 'बीई'ने सुरू होणारा. २०१२ च्या सेपा (युरोतल्या बँक व्यवहारांच्या) नियमानुसार कुठल्याही युरो देशाचा आयबीएएन नाकारता येत नाही. प्रत्यक्षात जिमपासून वीज कंपनीपर्यंत कित्येकांच्या फॉर्ममध्ये 'डीई' आधीच छापलेलं असतं आणि पुढे २० आकड्यांचीच जागा. हक्क तुमचा आहे, पण घरमालकाशी पहिल्याच महिन्यात त्यावरून वाद कशाला? भारतात पैसे पाठवायला वाइज ठेवा.

हॅनोव्हरची_विद्यार्थिनी

मध्येच विचारते. माझं श्पेअरकोंटो आहे, वर्षाचे ११,९०४ युरो भरलेत. मग वेगळं खातं कशाला?

मुळामुठा_म्युनिक

कारण ते पैसे अडकवून ठेवायचं खातं आहे, वापरायचं नाही. त्यातून दरमहा ९९२ युरो सुटतात आणि ते घ्यायला तुमच्या नावावर साधं चालू खातं लागतं. ते उघडून त्याचा आयबीएएन श्पेअरकोंटोवाल्यांना कळवला की पहिला हप्ता येतो. तोवर हातखर्चाला दीड-दोन महिन्यांचे पैसे फॉरेक्स कार्डावर घेऊन निघा. विद्यार्थी म्हणून बऱ्याच बँकांत फी माफ असते, पण वयाची अट बघा. पीएचडीवाले तिशी ओलांडलेले असतात आणि तिथेच फसतात.

खातेवही

शूफाचं राहिलं. तिथे नाव नसणं वेगळं आणि वाईट नोंद असणं वेगळं. नवीन माणसाला साधं खातं मिळतं. मिळत नाही ते ओव्हरड्राफ्ट आणि खरं क्रेडिट कार्ड. दोन-चार पगार जमा झाले की पुन्हा विचारा. गाडी भाड्याने घ्यायला डेबिट कार्ड कित्येक ठिकाणी चालत नाही, त्यामुळे भारतातलं क्रेडिट कार्ड एवढ्यात बंद करू नका. ओव्हरड्राफ्ट मिळाला तरी त्याकडे फिरकू नका, व्याज सहसा दहा टक्क्यांच्या वर असतं. घरमालकाला दाखवायचा शूफाचा दाखला विकत मिळतो. स्वतःची माहिती तपासायला मात्र डेटा-संरक्षण कायद्याखाली फुकट प्रत मागता येते. त्यांच्या साइटवर ती जरा आडबाजूला ठेवलेली असते, एवढंच.

सगळीकडून नकार आलाच तर अर्जात 'बाझिसकोंटो' हा शब्द लिहा. २०१६ पासूनच्या कायद्याने युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या कुणालाही हे मूळ खातं द्यावंच लागतं. बँकेला दहा कामकाजी दिवसांत निर्णय द्यावा लागतो, नाकारलं तर बाफिनकडे (बँकांवरची सरकारी देखरेख संस्था) तक्रार करता येते. ओव्हरड्राफ्ट नसतो, बाकी सगळे व्यवहार होतात.

खातं सुरू झालं की भाड्याला स्थायी आदेश लावा. कायद्याने भाडं महिन्याच्या तिसऱ्या कामकाजी दिवसापर्यंत आगाऊ द्यायचं असतं. वीज, इंटरनेट आणि रेडिओ-टीव्हीची घरटी दरमहा १८.३६ युरोंची वर्गणी हे लास्टश्रिफ्टने, म्हणजे समोरचा तुमच्या खात्यातून ओढून घेतो. ही वर्गणी तिमाहीची ५५.०८ अशी एकदम जाते. शिल्लक नसेल तर लास्टश्रिफ्ट परत फिरतं आणि समोरचा त्याचा भुर्दंड पुढच्या बिलात लावतो. चुकीची रक्कम ओढली गेली तर घाबरू नका: तुम्ही परवानगी दिलेली असली तरी आठ आठवड्यांत आणि दिलेलीच नसेल तर १३ महिन्यांत बँकेकडून परत घेता येते, अ‍ॅपमध्येच बटण असतं. पण बिल बरोबर असताना ते दाबलंत तर थकबाकीदार ठराल.

आता पुणे. नोकरीसाठी देश सोडलात की फेमा या परकीय चलन कायद्याखाली तुम्ही अनिवासी, मग साधं बचत खातं ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ (अनिवासींचं भारतातल्या कमाईसाठीचं खातं) करून घ्या. निघण्यापूर्वी शाखेत जाऊन फॉर्म आणि कागदपत्रांची यादी घेतलीत तर पुढचं कुरियरवर भागतं. घरभाडं, लाभांश, जुन्या ठेवी एनआरओत. जर्मनीतून पाठवायचे पैसे एनआरई (अनिवासींचं परदेशी कमाईसाठीचं) खात्यात, कारण ते परत नेताना अडथळा नसतो. एनआरओतून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंतच आणि कराची कागदपत्रं दाखवून नेता येतात.

एनआरओच्या व्याजावर ३० टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापतात. भारत-जर्मनी करारानुसार तो १० टक्क्यांवर आणता येतो, त्यासाठी जर्मन कर कार्यालयाचा रहिवासाचा दाखला आणि भारतीय प्राप्तिकर खात्याचा त्यासाठीचा फॉर्म द्यावा लागतो. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त आहे म्हणून सगळे खूश असतात, पण जर्मनीचे करनिवासी झालात की तिथे जगभरचं उत्पन्न दाखवावं लागतं, त्यात हे व्याजही आलं. दोन्ही देश खात्यांची माहिती एकमेकांना आपोआप कळवतात, तेव्हा 'कुणाला कळतंय' या भ्रमात राहू नका. व्याज आणि लाभांश मिळून माणशी वर्षाला १,००० युरो जर्मनीत सुटतात. जर्मन बँकेला त्यासाठी सूट-अर्ज द्यायचा असतो, श्टॉयर-आयडीसकट. न दिल्यास बँक कर कापून मोकळी होते आणि मग विवरणपत्रातून परत मागावा लागतो.

भारतातलं सिम रोमिंग चालू करून आणि रिचार्ज करून ठेवा. ओटीपी त्यावरच येणार.

कर्वेरोड_ते_नेकार

भरपूर मिळालं, आभार. म्हणजे आधी ऑनलाइन खातं, मग पक्क्या घराजवळची शपारकासे. शेवटची शंका: बायको आली की संयुक्त खातं करावं का?

ताळेबंद

करा, पण तिची अनमेल्डुंग झाल्यावर, तिचीही ओळख तशीच पटवून. 'किंवा' पद्धतीचं मागा, त्यात दोघांपैकी कुणीही एकटं व्यवहार करू शकतं. ठेवींचं संरक्षण माणशी धरतात, म्हणजे दोघांचे मिळून २,००,०००. तिच्या एकटीच्या नावे एक छोटं खातंही असू द्या. उद्या तिला नोकरी लागली तर धावपळ नको.

आणि फोन बदलताना जुना लगेच पुसू नका. व्यवहार मंजूर करायचं अ‍ॅप त्या हँडसेटशी बांधलेलं असतं. जुन्यावरून नव्याला मंजुरी देता आली तर पाच मिनिटांचं काम, नाहीतर नवं पत्र टपालाने, आणि तोवर भाडंसुद्धा अ‍ॅपवरून पाठवता येत नाही.