१५ एचपी मोटार डेल्टाला जाताना किटकॅट (फ्यूज) उडते

गोदाकाठ_अंबड:
नदीवरून मोसंबीला पाणी आणलंय. १५ एचपी मोटार, सेंट्रिफ्यूगल पंप, दीड किलोमीटर पाइपलाइन, बाग चढावर. डीपी (ट्रान्सफॉर्मर) ६३ केव्हीएचा, त्यावर ५ एचपीच्या आणखी चार मोटारी. दिवसा व्होल्टेज ३६० च्या वर जात नाही. स्टार-डेल्टा स्टार्टर आहे (आधी स्टार जोडणीत वाइंडिंगला कमी व्होल्टेज, मग डेल्टा जोडणीत पूर्ण), त्याचा टायमर ४ सेकंदांवर आहे. स्टारमध्ये मोटार फिरते, पण डेल्टा पडला की धाडकन आवाज येतो आणि दोन-तीन दिवसांआड किटकॅट जाते. सॉफ्ट स्टार्टर (व्होल्टेज हळूहळू वाढवणारा) घ्यावा का?

वाइंडिंग_परतूर:
भाऊ, आधी खर्च नको. मोटार चालू करताना डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह उघडा असतो की बंद? आणि टाँगटेस्टर (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणारं मीटर) लावून स्टारमधला करंट किती सेकंदांनी खाली येतो ते बघा. टायमर घड्याळ बघून नाही, करंट बघून लावायचा असतो. करंट पडायच्या आत डेल्टा आला तर मोटार अर्धवट वेगात असते आणि थेट चालू केल्यासारखाच झटका घेते. मग स्टारचा फायदा काय राहिला?

पॅनेल_वाळूज:
हिशेब मांडतो. या मोटारीचा पूर्ण लोडचा करंट साधारण २१ अँपिअर. थेट चालू केली तर सहापट, म्हणजे १२६. तुमचा डीपीच पूर्ण भरला तर ८४ अँपिअरचा! स्टारमध्ये लाइनचा करंट तिसरा हिस्सा, ४२ होतो. पण जोरही तिसराच हिस्सा उरतो, आणि जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. ४१५ ऐवजी ३६० मिळाले की तो आणखी पाऊण पट, म्हणजे सुरुवातीचा जोर थेट जोडणीच्या चौथ्या हिश्श्यावर येतो. त्यात पाइप रिकामा आणि व्हॉल्व्ह उघडा असेल तर पंप भरमसाट पाणी ओढतो, लोड चढतो आणि स्टारमध्ये मोटार वेग घेतच नाही. अशा वेळी टायमर २० सेकंदांवर नेला तरी वाइंडिंग तापण्यापलीकडे काही होणार नाही.

गोदाकाठ_अंबड:
व्हॉल्व्ह उघडाच असतो. मोजलं: स्टारमध्ये ३७ अँपिअर, चौथ्या सेकंदाला ३१. व्हॉल्व्ह बंद ठेवून केलं तर आठव्या सेकंदाला १३ वर आला.

वाइंडिंग_परतूर:
मग दुखणं सापडलं. व्हॉल्व्ह बंद ठेवून चालू करा, टायमर ९ ते १० सेकंद ठेवा. डेल्टा पडल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, पण मिनिटाच्या वर बंद ठेवू नका, पंपातलं पाणी तापतं. रिफ्लक्स व्हॉल्व्ह (डिलिव्हरीचं पाणी माघारी येऊ न देणारा) आणि फूटव्हॉल्व्ह (सक्शन पाइपाच्या तळाचा) गळतात का तेही बघा. दोन्ही गळत असले तर पाणी माघारी येऊन पंप उलटा फिरतो, आणि उलट्या फिरणाऱ्या मोटारीला स्टार कधीच पुरत नाही.

ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की पडून मोटार बंद करणारा) कुठे आहे तेही तपासा. तो मोटारीच्या यू१, व्ही१, डब्ल्यू१ (वाइंडिंगच्या सुरुवातीच्या टोकांच्या) तारांत असेल तर डेल्टात त्यातून लाइनच्या ०.५८ पटच करंट जातो, म्हणून २१ वर नाही, २१ गुणिले ०.५८, म्हणजे १२ वर लावायचा. २१ वर ठेवलेला रिले लाइनमध्ये ३६ अँपिअर गेले तरी पडत नाही आणि मोटार जळते. ही चूक फार ठिकाणी दिसते.

कॅपॅसिटर मोटारीच्या टर्मिनलवर असेल तर काढा. स्टार सुटून डेल्टा पडेपर्यंतच्या क्षणात तो मोटारीला व्होल्टेज देत राहतो आणि झटका वाढतो. त्याला वेगळा कॉन्टॅक्टर (चुंबकावर चालणारा स्विच) देऊन लाइनच्या बाजूला घ्या.

पॅनेल_वाळूज:
एवढं करूनही किटकॅट गेली तर डेल्टा कॉन्टॅक्टरच्या तारा बघा. त्यातल्या दोन अदलाबदल झाल्या की एका वाइंडिंगच्या दोन्ही टोकांना एकच फेज येते. स्टारमध्ये सगळं बरोबर चालतं आणि डेल्टातच धडाका होतो. फिरण्याची दिशा बदलायची असेल तर स्टार्टरला येणाऱ्या लाइनच्याच दोन तारा बदलाव्यात.

सॉफ्ट स्टार्टरबद्दल: दीड किलोमीटर चढाच्या पाइपाला त्याचा खरा उपयोग बंद करताना आहे. मोटार हळू थांबते, म्हणून पाण्याचा दणका बसत नाही आणि जोड फुटत नाहीत. घेतलाच तर बायपास कॉन्टॅक्टरसकट (मोटारीने वेग घेतला की थेट लाइन देणारा) घ्या, करंट मर्यादा साडेतीन पटीवर ठेवा आणि पेटी सावलीत बसवा. बहुतेकांची क्षमता ४० अंशांपर्यंतचीच धरलेली असते, आणि मे महिन्यात उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत पारा त्याच्या बराच वर जातो.