मदत हवी आहे : कर्नेल ६.८ वर व्हीएफएस_अनलिंकचे आर्ग्युमेंट चुकीचे येतात

नमस्कार मंडळी,

आमच्या विभागात एक सामायिक लिनक्स सर्व्हर आहे. विद्यार्थ्यांच्या सिम्युलेशनचे निकाल त्यावरच्या एका डिरेक्टरीत साठतात आणि त्यातल्या काही फाइली मधूनच नाहीशा होतात. बॅकअप आहे, पण दोन बॅकअपच्या मधलं काम गेलं ते गेलंच. मुलं रात्ररात्र जागून ते रन लावतात, त्यामुळे हा शोध मला मनापासून लावायचा आहे. कोणता प्रोसेस कोणती फाइल उडवतो, एवढंच पकडायचं आहे.

यासाठी बीपीएफट्रेसची (चालू कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आत डोकावणारं साधन) छोटी स्क्रिप्ट वापरतो. फाइल उडवणाऱ्या व्हीएफएस_अनलिंक या कर्नेलच्या फंक्शनवर केप्रोब (फंक्शन सुरू होताना चालणारा सापळा) लावायचा, आर्ग१, म्हणजे दुसरा आर्ग्युमेंट घ्यायचा (मोजणी शून्यापासून), तो डेंट्रीचा (फाइलचं नाव धरणारी कर्नेलमधली नोंद) पॉइंटर धरायचा आणि त्यातलं डी_नेम छापायचं. कर्नेल ५.४ वर हे चोख चालायचं. सर्व्हर ६.८ वर नेल्यापासून प्रोसेसचं नाव आणि पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) बरोबर येतात, फाइलच्या नावाच्या जागी मात्र कधी रिकामं, कधी चित्रविचित्र अक्षरं. एरर काहीच नाही. मशीन एक्स८६-६४ आहे.

दुसरं, फाइल खरोखर उडाली की परवानगी नाकारली गेली, हेही कळायला हवं. केरेटप्रोबमध्ये (फंक्शन संपताना चालणारा सापळा) रिटर्न व्हॅल्यू मिळते, पण तिथे आर्ग्युमेंट मिळत नाहीत. दोन्ही एकाच ओळीत कसं छापायचं?

प्रतिसाद १

स्क्रिप्ट तीच आहे, फंक्शन बदललंय. ५.४ मध्ये व्हीएफएस_अनलिंकला आधी डिरेक्टरीचा आयनोड (मालक, परवानग्या वगैरे माहितीची नोंद) आणि मग डेंट्री मिळायची. ५.१२ मध्ये (२०२१) आयडी-मॅप्ड माउंट (फाइलमालकांचे क्रमांक माउंटपुरते बदलून दाखवण्याची सोय) आले, तेव्हा सगळ्यांच्या पुढे यूझर नेमस्पेसचा पॉइंटर घातला गेला, ६.३ पासून त्या जागी एमएनटी_आयडीमॅप आहे. म्हणजे तुमची डेंट्री आता आर्ग२ मध्ये आहे आणि आर्ग१ मध्ये आयनोड. त्या आयनोडच्या पोटात ठरावीक अंतरावर जे काही पडलेलं असेल, ते तुम्हाला नाव म्हणून दिसतंय.

एरर येत नाही, कारण केप्रोबला प्रकार कळतच नाहीत. तो फक्त रजिस्टर (प्रोसेसरच्या आतल्या साठवणीच्या जागा) वाचतो : आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९, याच क्रमाने. फंक्शन संपेपर्यंत ही रजिस्टरं दुसऱ्या कामांना वापरली गेलेली असतात, म्हणून केरेटप्रोबमध्ये आर्ग्युमेंट सापडत नाहीत. जुना उपाय म्हणजे आत शिरताना ते थ्रेड आयडीच्या मॅपमध्ये ठेवायचे आणि बाहेर पडताना काढायचे.

प्रतिसाद २

कर्नेलच्या आतल्या फंक्शनवर अवलंबूनच कशाला राहायचं? अनलिंक आणि अनलिंकॅट या सिस्टिम कॉलचे (प्रोग्रामने कर्नेलकडे केलेली मागणी) ट्रेसपॉइंट (कर्नेलमध्येच ठेवलेल्या निरीक्षणाच्या ठरलेल्या जागा) वापरा, ते असे बदलत नाहीत. फक्त त्यासाठी __एक्स६४_सिस_अनलिंकॅटवर केप्रोब लावू नका, ४.१७ पासून त्या फंक्शनला थेट आर्ग्युमेंट मिळत नाहीत, रजिस्टरांच्या स्ट्रक्चरचा एकच पॉइंटर मिळतो.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. आर्ग२ केल्यावर नावं लगेच दिसायला लागली. ट्रेसपॉइंटचा विचार केला होता, पण ही डिरेक्टरी एनएफएसवरून (नेटवर्कवरून फाइली वाटण्याची पद्धत) दुसऱ्या मशीनांनाही दिलेली आहे. तिकडून फाइल उडवली तर आमच्या सर्व्हरवर सिस्टिम कॉल होतच नाही ना?

प्रतिसाद १

बरोबर, होत नाही. एनएफएसडी, म्हणजे एनएफएसचा सर्व्हर, कर्नेलच्या आतूनच व्हीएफएस_अनलिंकला हाक मारतो. आयओ_यूरिंगमधूनही (कर्नेलला कामं रांगेतून देण्याची सोय) ५.११ पासून सिस्टिम कॉलचा ट्रेसपॉइंट न लागता फाइल उडवता येते. तेव्हा तुमची जागा योग्यच आहे, फक्त केप्रोब सोडून एफएक्झिट (फंक्शन संपताना चालणारा नवा प्रोब) वापरा. बीटीएफसह (कर्नेलमधल्या प्रकारांची माहिती) बांधलेल्या कर्नेलवर (/सिस/कर्नेल/बीटीएफ/व्हीएमलिनक्स ही फाइल आहे का बघा) एक्स८६-६४ वर ते ५.५ पासून चालतं. तिथे क्रमांक मोजायचेच नाहीत : आर्ग्स.डेंट्री असं नावानेच मागायचं, आणि रेटव्हॅल, म्हणजे रिटर्न व्हॅल्यू, त्याच जागी मिळते. शून्य आली तर फाइल उडाली, ऋण आली तर अडवली गेली. बीपीएफट्रेसच्या जुन्या आवृत्तीत याच प्रोबचं नाव केरेटफंक आहे.

डी_नेममध्ये फक्त शेवटचं नाव येतं. डी_पेरेंटचं नावही छापा, म्हणजे कोणाच्या फोल्डरमधली फाइल ते कळेल.

धागाकर्ता

एफएक्झिट लावून ठेवलं आणि आज सकाळी सापडलं. तीन फाइली, रेटव्हॅल शून्य, प्रोसेसचं नाव एनएफएसडी! म्हणजे उडवणारा बाहेरच्या मशीनवर आहे. पण अशी मशीनं बरीच आहेत. कोणतं ते इथूनच कळेल का?

प्रतिसाद १

कळेल. एनएफएसडी_अनलिंकवर एफएंट्री (एफएक्झिटसारखाच, पण फंक्शन सुरू होताना चालणारा प्रोब) लावा. त्याचा पहिला आर्ग्युमेंट आरक्यूएसटीपी, त्यातल्या आरक्यू_अ‍ॅडरमध्ये क्लायंटचा पत्ता असतो. फाइलचं नाव एफनेममध्ये आहे, पण ते शून्य बाइटने संपेलच असं नाही. लांबी शेजारच्या एफलेनमधून घ्या, नाहीतर नावाला पुढची अक्षरं चिकटतील.

आणि व्हीएफएस_रिनेमवरही नजर ठेवा. एका फाइलवर दुसरी रिनेम केली की जुनी जाते, पण व्हीएफएस_अनलिंकमधून जात नाही. तिथेही ५.१२ पासून सुटे आर्ग्युमेंट नाहीत, रिनेमडेटा या स्ट्रक्चरचा एकच पॉइंटर आहे. त्यातली न्यू_डेंट्री बघा.