बी ५०३ ला जीएसटी लागलाच कसा?

बी ५०३: खजिनदार साहेब, माझ्या बिलात १,२४२ रुपये जीएसटी? मेंटेनन्स ६,९००. करमाफीची मर्यादा महिना साडेसात हजारांची ना? की पाचव्या मजल्याला वेगळा कायदा?

खजिनदार: वहिनी, एक्सेल शीट सगळ्यांना एकच आहे. =इफ(डी१२>७५००,डी१२*१८%,०). डी१२ म्हणजे तुमचा मेंटेनन्स; साडेसात हजारांच्या वर असेल तर पूर्ण रकमेवर १८ टक्के, नाहीतर शून्य. मालमत्ता कर त्यात धरलेला नाही, त्याचा स्तंभ वेगळा. तुमची रक्कम वर गेली असेल.

बी ५०३: ६,९०० हे साडेसात हजारांच्या वर कधीपासून?

ए १०१: मी मागेच सांगितलं होतं. मद्रास हायकोर्ट, जुलै २०२१. फक्त ७,५०० च्या वरच्या रकमेवर कर. पूर्ण रकमेवर नाही!!

सी ३०४: काका, त्यांची रक्कम वर गेलेलीच नाही.

सी ३०४: शीट बघितली. डी स्तंभात सगळे आकडे उजवीकडे, डी१२ एकटा डावीकडे चिकटलाय. तो आकडा नाही, टेक्स्ट आहे. टेक्स्टची आकड्याशी तुलना केली की एक्सेल टेक्स्टलाच मोठं धरतं, मग ते ६,९०० असो की ६९. त्यामुळे अट खरी ठरली. गुणताना मात्र तेच टेक्स्ट गुपचूप आकडा बनतं, म्हणून १,२४२ आले. बेरजेचं सूत्र 'सम' टेक्स्ट मोजत नाही, तेव्हा डी ची बेरीज बरोबर ६,९०० ने कमी भरेल.

खजिनदार: हो, ६,९०० नेच कमी आहे. मॅनेजरने मेसेजमधून पेस्ट केलं होतं.

बी २०२: आलं बिल मॅनेजरच्या नावावर 😀

सी ३०४: डी स्तंभ निवडा, डेटा, टेक्स्ट टू कॉलम्स, फिनिश. मग ई१२ मध्ये सीजीएसटी, म्हणजे केंद्राचा निम्मा वाटा:
=इफ(इझनंबर(डी१२),इफ(डी१२>७५००,राउंड(डी१२*९%,२),०),"तपासा")
एफ१२ मध्ये एसजीएसटीला, म्हणजे राज्याच्या वाट्याला, हेच. एकूण कर = ई१२+एफ१२. १८ टक्के एकत्र काढून निम्मे करू नका. ७,६५५.५० वर एकत्र १,३७७.९९ येतात, पण निम्मे ६८८.९९५, छापताना ६८९ आणि ६८९, म्हणजे १,३७८. एका पैशासाठी ऑडिटर तासभर बसतो.

ए १०१: मद्रास हायकोर्ट, जुलै २०२१. फक्त वरच्या रकमेवर.

खजिनदार: काका, केंद्रीय अर्थ मंत्रालयाचं २२ जुलै २०१९ चं परिपत्रक पूर्ण रकमेवर म्हणतं. ७,६५० वर त्याप्रमाणे १,३७७, तुमच्या हिशेबाने १५० वर २७. उद्या विभागाने १,३५० मागितले तर भरणार कोण?

ए १०१: भरणार कोण ते जनरल बॉडीत ठरवू. तिथे तुम्ही माइक देत नाही.

बी २०२: माइक राहू दे, आधी लिफ्ट चालू करा 🙏

ए २०४: माझे दोन फ्लॅट आहेत, दोन्ही मिळून ११,०००. कर लागणार का?

सी ३०४: नाही. मर्यादा प्रत्येक फ्लॅटला वेगळी, त्याच परिपत्रकात आहे. शीटमध्ये दोन ओळी ठेवा, नावावरून बेरीज करू नका.

दुकान २: मी करासकट ९,०२७ भरले. त्यातून १८ टक्के वजा केले तर ७,४०२.१४ राहतात. बिलात ७,६५० का?

सी ३०४: वजा नाही, भागाकार. ९,०२७ भागिले १.१८ = ७,६५०. कर मूळ रकमेवर बसतो, एकूणवर नाही.

खजिनदार: वहिनी, सुधारित बिल संध्याकाळी पाठवतो. क्षमस्व.

बी ५०३: ठीक आहे. मागच्या तिमाहीची बिलंही याच शीटमधून गेली होती ना?

ए १०१: मद्रास हायकोर्ट, जुलै २०२१.